एअर फ्रायरमधला कुरकुरीत पास्ता

2021 मध्ये टिकटॉकवर पास्ता चिप्सचे व्हिडिओ धडाधड फिरू लागले. आपल्याकडे तोवर टिकटॉकवर बंदी आली होती, तरी पदार्थ घरोघरी पोचलाच. करायला सोपा आहे, पण पुष्कळांचा तो एक तर दगडासारखा कडक होतो नाहीतर आतून चिवट राहतो. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा उकडण्यात आणि निथळण्यात असतं.

चौघांच्या चहाला 200 ग्रॅम पास्ता पुरतो. पेने घ्या. ती पोकळ असल्याने गरम हवा आतूनही फिरते. बो आकाराचा पास्ता दिसतो छान, पण मधली चिमटलेली जागा कडकच राहते. पाकिटावर 'ड्युरम व्हीट सेमोलिना' लिहिलेलं बघा. मैद्याचा स्वस्त पास्ता जास्त उकडला की चिकट होतो, आणि इथे तो जास्तच उकडायचा आहे.

दोन लिटर पाण्याला खळखळून उकळी आली की दोन लहान चमचे मीठ घाला. चव आतपर्यंत मुरते ती याच मिठाने. पास्ता सोडून पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त शिजवा. ताटात वाढायचा पास्ता जरा करकरीत ठेवतात, इथे नेमकं उलट. एक तुकडा कापून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे, आणि तो कच्चा गाभाच पुढे दाताला खड्यासारखा लागतो.

चाळणीत ओता, पण गार पाण्याने धुऊ नका. वरचा स्टार्च निघून जातो आणि पास्ता पुन्हा ओला होतो. चाळणी चांगली झटका, कारण पेनेच्या नळ्यांत पाणी साचून राहतं. मग सुती पंचावर पसरून दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. हे टाळलंत तर एअर फ्रायरचा निम्मा वेळ पाणी आटवण्यातच जातो.

परातीत घेऊन दीड मोठा चमचा तेल चोळा, वरून एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरा. पार्मेझानसारखं कोरडं चीज किसून घालायचं तर आत्ताच. प्रोसेस्ड चीजच्या वाटेला जाऊ नका, ते वितळून बास्केटला चिकटतं आणि घासताना जीव नकोसा होतो.

एअर फ्रायर 200 अंशांवर तीन मिनिटं तापवा. पास्ता शक्यतो एकाच थरात पसरा, लहान बास्केट असेल तर दोन घाण्यांत करा. एकूण 10 ते 12 मिनिटं लागतात. दर चार मिनिटांनी बास्केट हलवा आणि चिकटलेले तुकडे चिमट्याने सुटे करा. आधी नुसता मऊ धपधप आवाज येतो, होत आला की खडखड वाजतो. शेवटची दोन मिनिटं तिथेच उभे राहा, सोनेरीचा तपकिरी व्हायला वेळ लागत नाही. एक तुकडा काढून मिनिटभर गार करून चावा. गरम असताना किंचित मऊ वाटला तरी गार झाल्यावर कुरकुरीत होतो.

मसाला मात्र बाहेर काढल्यावरच. तिखट आणि लसूण पावडर एवढ्या आचेवर करपून कडू होतात. गरम पास्त्यावर अर्धा लहान चमचा लाल तिखट, एक लहान चमचा चाट मसाला, चिमूटभर काळं मीठ आणि पाव चमचा पिठीसाखर घालून परात हलवा. मेतकूटही झकास लागतं. कढीपत्ता हवा असेल तर कढल्यात चमचाभर तेलावर वेगळा तळा. फ्रायरमध्ये ती हलकी पानं हवेने उडून वरच्या कॉइलला चिकटतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरते. खरी मजा त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी मऊ पडला तर 160 अंशांवर दोन-तीन मिनिटं पुन्हा फिरवा.