जुनी आल्फा स्पायडर घेताना आधी पत्रा बघा

आल्फा रोमिओ स्पायडर, म्हणजे कापडी हूडची उघडी इटालियन गाडी, घ्यायचीय म्हणून मला फोन करणारे सगळे आधी इंजिनाचंच विचारतात. इंजिन दुरुस्त होतं हो. अमेरिकेत या गाड्या इतक्या विकल्या गेल्या की पार्ट्स आजही मिळतात. गंजलेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो, आणि ते बिल गाडीच्या किमतीच्या पुढे जायला वेळ लागत नाही. म्हणून रंग उडालेली पण सुकी, न गंजलेली गाडी घ्या, चकचकीत आणि सडलेली नको.

मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. गाडी शिकले ती बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर, कुर्ल्याला बनलेल्या फियाटवर, त्यामुळे इटालियन गाडीचे रुसवेफुगवे लहानपणापासून पाहिलेत. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली असायचा. स्पायडरचा दांडा डॅशबोर्डच्या खालून तिरका बाहेर येतो, अगदी हाताशी. पाच गिअर, मॅन्युअल. अमेरिकेतल्या नव्वदीच्या गाड्यांत मात्र तीन गिअरची ऑटोमॅटिकही मिळायची, तेव्हा जाहिरातीतला फोटो नीट बघा.

पिनिनफारिनाने घडवलेली ही गाडी १९६६ साली आली आणि नव्वदीच्या दशकापर्यंत चालली. सुरुवातीची निमुळत्या शेपटीची, १९७० पासून मागून कापल्यासारखी, १९८३ पासून मागे काळ्या रबराचा स्पॉइलर, आणि १९९० नंतर तो काढून गुळगुळीत केलेली. अमेरिकेतल्या १९६९ ते १९८१ च्या गाड्यांत स्पिका कंपनीचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन आहे. उत्तम चालतं, पण त्याचा जाणकार मेकॅनिक आसपास नसेल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने १९८२ नंतरची, बॉश इंजेक्शनची गाडी बघावी.

कॅलिफोर्नियात याला आणखी एक कारण आहे. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, माफ आहे, १९७६ पासूनच्यांना नाही. कुणीतरी स्पिका काढून वेबर कार्ब्युरेटर बसवलेली १९७८ ची गाडी स्वस्तात मिळते ती याचमुळे. स्मॉग पास होत नाही, म्हणून तिची नोंदणी अडते.

आता पत्रा. छत नसलेल्या गाडीची सगळी ताकद दाराखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये असते. फ्रिजवरचा एक पातळ लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. लिव्हरमोरला एक लालभडक गाडी बघायला गेले होते. रंग आरशासारखा, मालक दाराशी उभं राहून कौतुक सांगतोय. चुंबक दारावर टक्कन बसला. तोच सिलवर ठेवला तर घसरून खाली. आणखी जरा मागे, चाकाजवळ ठेवला, पुन्हा खाली. आत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी आणि फायबर. मी चहा घेतला आणि परत आले.

सिलनंतर कार्पेट उचला, पायाखालची जमीन बोटाने दाबा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा बघा. सीटमागे, जिथे कापडी हूड दुमडून बसतो, तिथल्या कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत मुरतं. तांब्याभर पाणी ओता, गाडीखाली बाहेर आलं पाहिजे. मालकाला विचारून ओता म्हणजे झालं. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून दारं उघडझाप करा. जमिनीवर असताना नीट लागणारं दार वर गेल्यावर अडकत असेल, तर बॉडी वाकतेय.

इंजिन बघायला जाताना मालकाला आधीच बजावा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचंय असं धरून चाला. थंड इंजिनाचं कूलंटचं झाकण उघडा. आत तपकिरी, तेलकट साय दिसली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी, गेलंय, हे या इंजिनाचं जुनं दुखणं. ऐंशीनंतरच्या इंजिनात सुरू केल्यावर डिझेलसारखी कटकट ऐकू आली तर व्हॉल्व्ह टायमिंगचा भाग झिजलाय. ते बदलता येतं, त्याचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. आल्फाऐवजी फियाट १२४ स्पायडर बघत असाल तर तिला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याची पावती मागा. आल्फाला चेन आहे, ती काळजी नाही.

थंड गाडीचा दुसरा फायदा गिअरबॉक्सला. आल्फाचा दुसरा गिअर बदनाम आहे, सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रिंग) आधी तिथलाच जातो. गिअरबॉक्स तापला की दुखणं झाकलं जातं, म्हणून निघाल्या निघाल्या, ताशी २० मैलांच्या आसपास, तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाका. थोडं अडखळलं तर ठीक. करकरलं तर गिअरबॉक्स उतरवायचा खर्च धरा. मग अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा आणि दाबा. मधून ठक्क आवाज आला तर मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंग किंवा मधली बेअरिंग संपलीय.

कागदपत्रांत गाडीवरचा व्हीआयएन (चॅसी) नंबर आणि पिंक स्लिपवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, जुळवा, नोंदणीची जुनी थकलेली फी विचारा. स्मॉगचं प्रमाणपत्र कॅलिफोर्नियात विकणाऱ्याने द्यायचं असतं. "तुम्हीच करून घ्या, शंभर डॉलर कमी करतो" म्हणाला तर निघा. नाव बदलायला तुमच्याकडे १० दिवस असतात.

भाव करायच्या आधी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३०९ म्हणजे २००९ सालचा २३वा आठवडा. या गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते. तरी इतके जुने टायर बदलायचेच आहेत. चारही टायरचे पैसे कमी करून मागा.