पोट, जिआर्डिया आणि मेव्हण्याची पावडर

इंदूरला कुणाचं पोट बिघडलं की आधी सराफ्याच्या, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या, नावाने बोटं मोडतात. आमच्याकडेही सगळं खापर गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसावर फुटलं. जुलाब थांबले, पण पोट फुगणं, सडक्या अंड्यासारखे ढेकर आणि तेलकट, पाण्यावर तरंगणारा मळ सुरूच. (नाक मुरडू नका, डॉक्टरांना नेमकं हेच सांगावं लागतं.)

मेव्हण्याने आतडी साफ करणारी महागडी पावडर आणली. तिने फक्त फेऱ्या वाढल्या. प्रोबायोटिकने ना नफा ना तोटा. जंतांवरची अल्बेंडाझोलची एक गोळीही झाली. ती गोल कृमींवर उत्तम, पण आमचा खरा गुन्हेगार, जिआर्डिया, हा कृमी नव्हे, आतड्यात राहणारा एकपेशीय जीव. एका गोळीला तो सहसा दाद देत नाही.

डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशीचे शौचाचे नमुने मागवले, कारण याच्या सिस्ट (टणक कवचातलं रूप) रोज बाहेर पडतातच असं नाही. पहिला रिपोर्ट कोरा आला, पुढच्यात सापडला. मग त्यावरचं औषध, टिनिडाझोल. तोंडाला धातूसारखी चव आली, आणि त्यावर दारू अजिबात चालत नाही.

औषध संपल्यावरही दुधाच्या चहाने पोटात गुडगुड व्हायची. आतड्याचं अस्तर दुखावलं की काही आठवडे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही. तोवर कोरा चहा; दही मात्र चाललं.

नेहमीच्या क्लोरीनला या सिस्ट पुरून उरतात, म्हणून आता पिण्याचं पाणी खळखळा उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवतो. शौचात रक्त, ताप किंवा वजन उतरणं दिसलं तर मात्र घरगुती प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर गाठा.