क्लेममधला शब्द पुरेसा स्पष्ट आहे का, कसं बघायचं?
केमिकल पेटंटचा क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य, लिहून झाला की प्रत्येक आकड्याला विचारा, हा मोजायचा कसा? कोपॅक्सोन औषधाच्या केसमध्ये क्लेममध्ये नुसतं 'मॉलिक्युलर वेट (रेणूचं वजन) ५ ते ९ किलोडाल्टन' होतं, पण ते औषध पॉलिमर, म्हणजे साखळीसारख्या रेणूंचं, आणि पॉलिमरच्या साखळ्या लहानमोठ्या असतात, त्यामुळे नंबर अ‍ॅव्हरेज, वेट अ‍ॅव्हरेज आणि पीक असे तीन वेगळे आकडे निघतात आणि कुठला धरायचा ते तिथे लिहिलंच नव्हतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन परत आलेल्या त्या केसमध्ये २०१५ ला क्लेम अस्पष्टच ठरला, एका शब्दापायी, फार वाईट वाटतं. म्हणून सरासरी कुठली, मोजायची पद्धत कुठली, तापमान किती, हे स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे पेटंटच्या सविस्तर वर्णनात, लिहाच. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १० मध्येही क्लेम स्पष्ट हवा असंच आहे. आणि 'भरपूर', 'साधारण' दिसलं की तिथे थांबून आकडा टाका.