मल्टी-हेड शॉवर स्वतः बसवताय? भिंत बुजवण्याआधी या चुका टाळा

डोक्यावर रुंद रेन शॉवर, हाताशी हँड शॉवर आणि भिंतीत चार बॉडी जेट (अंगावर आडवी धार सोडणारी छोटी तोंडं) असा बेत असेल, तर पाइप कापायला घेण्याआधी १० लिटरची एक बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या. न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडून बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. ३० सेकंद लागले, तर मिनिटाला २० लिटर पाणी मिळतंय. पुढचा सगळा खर्च या एका आकड्यावर उभा राहणार आहे, आणि नेमका हाच आकडा न काढता लोक शॉवरचा सेट घरी आणतात.

आता मागणी मांडा. मोठा रेन शॉवर मिनिटाला साधारण १० ते १२ लिटर पाणी घेतो, हँड शॉवर ८ च्या आसपास, आणि प्रत्येक जेट ५ धरला तर चारांचे २०. सगळं एकदम सुरू केलं की ४० लिटर. नळाला २० येत असतील, तर प्रत्येक तोंडातून निम्मंच पाणी पडेल, आणि निम्म्या पाण्यावर जेटची धार अंगापर्यंत पोहोचतच नाही. इथे मी एकच सल्ला देईन: एका वेळी दोनच गोष्टी चालतील असा डायव्हर्टर (पाणी कोणत्या तोंडाकडे जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह) निवडा आणि जेटची संख्या कमी करा. जोरात चालणारे दोन जेट रडतखडत चालणाऱ्या सहांपेक्षा कितीतरी सुखाचे.

गरम पाणी पुरेल, असं गृहीत धरणं

या चुकीचा सर्वाधिक मनस्ताप होतो, कारण ती सगळं काम झाल्यावरच कळते. २५ लिटरच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी आहे आणि थंड पाणी २० अंशांचं आहे असं धरा. ४० अंशांचं पाणी हवं तर दोन्ही समसमान मिसळावं लागतं, म्हणजे हाती येतं जेमतेम ५० लिटर. मिनिटाला २५ लिटर खर्च होत असेल, तर दोन मिनिटांत अंघोळ थंड.

इन्स्टंट गीझरने हा प्रश्न सुटेल असं वाटत असेल, तर तोही हिशोब करा. ३ किलोवॉटचा गीझर पाणी २० अंशांनी तापवायचं म्हटलं तर मिनिटाला २ लिटरच्या थोडं वर देतो. २५ लिटरला तेवढीच वाढ हवी असेल, तर सुमारे ३५ किलोवॉट लागतात. त्यामुळे अशा शॉवरला मोठा साठवणीचा गीझर किंवा दांडग्या क्षमतेचा गॅस गीझर हाच पर्याय उरतो. गीझरची वायरिंग आणि गॅसची जोडणी मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. बाकीचं काम कितीही हौसेनं करत असलात, तरी इथे हात घालू नका.

दाब आणि पाइप

टाकीतल्या पाण्याची दर मीटर उंची सुमारे ०.१ बार (बार हे दाबाचं एकक) दाब देते. टाकीतली पातळी शॉवरच्या ३ मीटर वर असेल, तर मिळाला ०.३ बार. जेटच्या पत्रकात किमान दाब छापलेला असतो आणि बहुतेकदा तो याहून बराच जास्त असतो. मग प्रेशर पंप येतो, आणि त्याच्याबरोबर एक नेहमीची चूक: पंप फक्त थंड लाइनवर बसवणं. तसं केलं की थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटतं आणि मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) कितीही फिरवला तरी पाणी कोमटच राहतं. टाकीतून निघालेल्या लाइनवर पंप बसवा आणि थंड लाइन व गीझर, दोन्हींचे फाटे त्याच्या पुढून काढा. गीझर तेवढा दाब झेलणारा आहे का, हे आधी तपासा. पंप थेट सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या नळाला लावू नका. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई आहे.

अर्ध्या इंची पाइपमधून आवाज आणि अडथळा न वाढवता मिनिटाला १५ लिटरच्या आसपास पाणी जातं, पाऊण इंचीतून ३० च्या. त्याच प्रवाहाला पाऊण इंची पाइपमध्ये दाब सुमारे सातपट कमी वाया जातो. म्हणून मिक्सरपर्यंतच्या दोन्ही लाइन पाऊण इंची ठेवा आणि शेवटच्या फाट्यांनाच अर्धा इंची वापरा. मिक्सरही तेवढं पाणी सोडणारा हवा. पाऊण इंची पाइप आणून अर्ध्या इंची मिक्सरला जोडला, तर सगळी मेहनत त्या अरुंद तोंडाशी अडते. थर्मोस्टॅटिक, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप स्थिर राखणाऱ्या मिक्सरच्या पत्रकात कोणत्या दाबाला किती लिटर हा आलेख असतो. विकत घेण्याआधी तो वाचा.

जेट एकामागून एक सरळ रांगेत जोडले की पहिला जोरात आणि शेवटचा मलूल चालतो. त्यांचा बंद वळसा करा, म्हणजे पाइप फिरून सुरुवातीच्या टीलाच (तीन तोंडांच्या जोडालाच) परत येऊन मिळेल. प्रत्येक जेटला दोन्ही बाजूंनी पाणी मिळतं आणि धारा जवळपास सारख्या पडतात. दोन-तीन जास्तीचे एल्बो आणि थोडा पाइप, एवढ्यात हे काम होतं.

भिंतीतल्या गोष्टी

कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या मिक्सरवर प्लॅस्टिकचं झाकण येतं आणि त्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पूर्ण झालेल्या टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. खाच कोरताना समोर उघडी वीट असते, म्हणून लोक विटेपासून मोजतात आणि फसतात. प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइलचा चिकटा आणि टाइल यांची जाडी बेरजेत धरा, शक्य असेल तर टाइलचा एक तुकडा भिंतीला टेकवून पाहा. मिक्सर फार आत गेला तर हँडल बसत नाही, फार बाहेर राहिला तर प्लेट भिंतीला टेकत नाही, आणि दोन्ही वेळा टाइल फोडाव्या लागतात.

सीपीव्हीसीचा (गरम पाणी झेलणाऱ्या प्लॅस्टिक पाइपचा) जोड करताना कापलेल्या कडेचा बुरा काढा, पाइप कोरडा करा, सॉल्व्हेंट (पाइप चिकटवण्याचा द्रव) पाइपवर आणि फिटिंगच्या आत दोन्हीकडे लावा. पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरा. लगेच सोडला तर तो हळूच मागे सरकतो. जोडाच्या तोंडाशी सॉल्व्हेंटचं अखंड कडं दिसलं पाहिजे. कुठे तुटलेलं दिसलं, तर तो जोड कापून नवा करा. शॉवर आणि जेटच्या तोंडाशी पितळी आटे असलेलीच फिटिंग वापरा. प्लॅस्टिकचे आटे टेफ्लॉन टेप लावून जोरानं आवळले की चिरतात, आणि ही चीर काही महिन्यांनीसुद्धा गळू लागू शकते.

हँड शॉवरच्या टोकाला वेगळा नळ लावून मिक्सर उघडाच ठेवायची सवय असेल, तर गरम आणि थंड लाइन आतल्या आत एकमेकींत मिसळतात. मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) आहेत ना, याची खात्री करा. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद किंवा प्लग करू नका, गीझरच्या तोंडाशीही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर मुळीच नाही. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापताना साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त फुगतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट लागतेच.

चाचणी न करता प्लास्टर

सॉल्व्हेंटला २४ तास सुकू द्या. सगळी तोंडं प्लगने बंद करा, सर्वात उंच तोंडातून हवा पूर्ण काढा आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. त्याआधी मिक्सरची मर्यादा त्याच्या पत्रकात पाहा. निदान तासभर गेजचा (दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा बघा. सुरुवातीला काटा जरा खाली आला, तर आत हवा राहिली असेल. हवा काढून पुन्हा दाब द्या. तरीही सरकत राहिला, तर एकेक जोड कोरड्या टिशू पेपरने पुसून बघा. प्लॅस्टिक पाइपची चाचणी दाबलेल्या हवेने करू नका, पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. चाचणीनंतर जेट आणि कार्ट्रिज (मिक्सरमधला पाणी उघडबंद करणारा आतला भाग) बसवण्याआधी लाइन मोकळी सोडून धुवा, आतला भुसा आणि कचरा निघून जाईल. प्लास्टर करण्याआधी मापपट्टी लावून भिंतीचे फोटो काढून ठेवा.

मिनिटाला २५ लिटर पाणी पडणार असेल, तर जमिनीवरच्या जाळीने ते गिळलं पाहिजे. नहाणी ट्रॅप (जाळीखालचा सांडपाण्याचा भाग) आणि जमिनीचा उतार आधी तपासा. मीटरला १५ ते २० मिलिमीटर उतार पुरतो.

बसवून झाल्यावर बिघडलं तर

गरम नळाला अचानक कोमट पाणी येऊ लागलं, तर गीझरकडे जाणारं पाणी बंद करून गरम नळ उघडा. साचलेलं पाणी ओसरल्यावरही धार चालूच राहिली, तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून पलीकडे शिरतंय. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि कार्ट्रिज तपासा.

एखादाच जेट मंद असेल, तर तो काढून जाळी धुवा. सगळेच मंद असतील, तर मिक्सरच्या तोंडातल्या जाळ्या आणि पंप बघा. शॉवर बंद केल्यावर काही मिनिटं ठिबकणं साधं आहे, कारण रेन शॉवरच्या थाळीत पाणी उरतं. तासानंतरही ठिबकत असेल, तर कार्ट्रिज बदला.

मागच्या भिंतीवर ओल दिसली, की फोडायला धावू नका. ओल केव्हा वाढते ते पाहा. कोणी अंघोळ केली नाही तरी वाढत असेल, तर मिक्सरपर्यंतच्या सतत दाबाखालच्या लाइनमध्ये गळती आहे. शॉवर चालवल्यावरच वाढत असेल, तर मिक्सरनंतरच्या फाट्यात, टाइलच्या सांध्यात किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये. या तिन्हींतला फरक काढायला शॉवर न चालवता बादलीने फक्त जमिनीवर पाणी ओता आणि एक दिवस थांबा. ओल आली, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपचा सांधा बघा. नाही आली, तर हँड शॉवर जाळीकडे धरून सोडा, भिंत कोरडी ठेवा, आणि मग एकेका तोंडानं हीच परीक्षा करा.