वादळात पडलेला माड वाडीत कुजू देऊ नका

अरबी समुद्रात चक्रीवादळाचे दिवस वर्षातून दोनदा येतात: मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातल्या माड-पोफळी काही तासांत आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनारा घासत गेलं. पडलेली झाडं सगळ्यांनी मोजली. वाचलेले माड नंतर कशाने गेले, ते थोड्यांनीच पाहिलं. गेंड्या भुंग्याने, म्हणजे डोक्यावर शिंग असलेल्या काळ्या भुंग्याने गेले.

मजूर नाहीत, पंचनामा व्हायचाय, म्हणून खोड जागेवरच राहतं. पावसात ते कुजतं आणि मादी त्यात अंडी घालते. हुमणीसारख्या जाड पांढऱ्या अळ्या आत वाढतात. काही महिन्यांत भुंगे निघतात आणि उभ्या माडाची सुई (शेंड्याचा न उमललेला कोंब) पोखरतात. झावळ कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी उघडली की तो आलाय. त्याच भोकांतून मागून खोड आतून खाणारा लाल सोंड्या भुंगा शिरतो, आणि मग माड वाचवणं फार अवघड.

तेव्हा झाड पडेल त्याच दिवशी फोटो काढा, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना कळवा, पंचनाम्यासाठी मागे लागा. तो झाला की खोड चिरून वाडीबाहेर न्या. वासे-फळ्या निघतील तेवढ्या काढा, उरलेलं जाळा. बुंधाही खणा, तोच हमखास राहतो. शेणाची गायरी (खताचा खड्डा) दर दोन महिन्यांनी उलथा. अळ्या दिसल्या तर कोंबड्या सोडा, त्या एकही ठेवत नाहीत.

दुकानात महागडी दाणेदार औषधं पुढे केली जातील. पैदास कुजक्या खोडात चालू असताना सुईत औषध ओतून पैसे वाया जातात. भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढा. मोठ्या माडाच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा, वर्षातून तीनदा. लहान रोपाला ३-४ डांबरगोळ्या, वर वाळू.

माझा अनुभव असा, की पडवीच्या दिव्यावर रात्री दोन-तीन गेंडे भुंगे आपटू लागले तर पैदास जवळपासच आहे. सकाळीच शोधायला निघा. शेजाऱ्याची वाडी ओसाड असेल तर तिथेही, त्यांना विचारून.

बाकीची कामं:
- वादळाआधी चर मोकळे करा. तयार नारळ, सुक्या झावळ्या उतरवा
- केळीला आधार
- कललेली रोपं दोन-तीन दिवसांत उभी करून माती दाबा
- आंबा-काजूच्या मोडक्या फांद्या सरळ कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर)
- पोफळीवर कोळेरोगासाठी (यात सुपारी कुजून गळते) पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा, ४०-४५ दिवसांनी पुन्हा