वीचा बोर्ड कापताना या चुका टाळा

निन्टेन्डोचा वी (Wii) हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल; त्याचा आतला मुख्य बोर्ड कापून हातात मावेल असं पोर्टेबल करायचं, हा छंद गेली काही वर्षं मी करतोय. अडलेली मुलं मदतीला येतात, तेव्हा बोर्ड बहुधा आधीच कापलेला असतो. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून हे सगळं कटर हातात घेण्याआधी वाचा.

चालवून न पाहता कापणं. जुना वी घरी आला की त्याच रात्री कापायला बसणारे मी पाहिलेत. आधी तो टीव्हीला जोडा आणि तासभर खेळा. मग सॉफ्टवेअरची सगळी कामं अखंड बोर्डावरच उरका: बूटमी या प्रोग्रॅमने नँडचा बॅकअप घ्या, प्रायलोडर (वी सुरू होताना मेन्यूच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) टाका, ब्लूटूथचा पॅच मारा. पॅच नसेल तर ब्लूटूथ मॉड्यूल काढल्यावर वी सुरूच होत नाही, आणि ते मॉड्यूल तर आपण काढणारच असतो. नँड म्हणजे वीच्या आतली ५१२ एमबीची साठवण. तिच्यातला मजकूर त्या एकाच मशीनच्या किल्ल्यांनी कुलूपबंद असतो आणि त्या किल्ल्या हॉलिवूड नावाच्या ग्राफिक्स चिपमध्ये असतात. त्यामुळे दुसऱ्या वीची नँड काढून लावली तरी उपयोग होत नाही. बॅकअपच्या दोन प्रती ठेवा, एक कार्डावर आणि एक घरच्या कॉम्प्युटरवर.

चुकीचं मॉडेल. आरव्हीएल-००१ हे मॉडेल घ्या, गेमक्यूबच्या (निन्टेन्डोच्या आधीच्या कन्सोलच्या) कंट्रोलरची भोकं असलेलं. वी मिनीच्या वाट्याला जाऊ नका, त्याचा बोर्ड वेगळा आहे. आरव्हीएल-००१ मध्येही बोर्डाच्या आवृत्त्या अनेक आहेत. नेटवरच्या फोटोवरून कापायची रेषा आखताना आपला बोर्ड त्याच आवृत्तीचा आहे का, ते ताडून पाहा.

कापलेली कड न घासणं. या चुकीने जितके बोर्ड कचऱ्यात गेले, तितके दुसऱ्या कशाने गेले नसतील. नाशिकचा एक कॉलेजचा मुलगा पिशवीत तीन कापलेले बोर्ड घेऊन आला. म्हणाला, "काका, तिन्ही मेले. चौथा घ्यायला पैसे नाहीत." कड भिंगाखाली धरली आणि कारण दिसलं. बोर्डाच्या आत तांब्याचे थर एकावर एक असतात. फिरती चकती त्यातून जाते तेव्हा तांबं ओढलं जातं आणि त्याची बारीक कुसं शेजारच्या थराला टेकतात. व्होल्टेजचा थर ग्राउंडला चिकटला की झाला शॉर्ट. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पाणी लावून पसरला आणि कडेच्या लांबीच्या दिशेने घासत बसलो, आधी २२० नंबर, मग ४००, शेवटी १०००. वीस-पंचवीस मिनिटांत पहिल्या बोर्डाचा शॉर्ट गेला, मग दुसऱ्याचा. तिसरा नाही वाचला. शॉर्ट असतानाच त्याला मूळ १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता आणि आतला थर जळाला होता. वीस मिनिटांच्या घाईपायी त्याचा एक बोर्ड गेला. त्या मुलाचा चेहरा आठवला की आजही वाईट वाटतं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापतो आणि उरलेलं घासूनच रेषेपर्यंत आणतो. चकतीने थेट रेषेवर कापायला मी कुणालाच सांगणार नाही, कितीही हातखंडा असो. घासून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने कड पुसतो आणि भिंगाखाली फिरवतो. पहिल्यांदा वीज देतो ती करंट लिमिट लावता येणाऱ्या पॉवर सप्लायवरूनच.

शॉर्ट शोधताना आणखी एक गफलत होते. बोर्डावर वेगवेगळ्या व्होल्टेजच्या लाइन असतात; त्यातली १ व्होल्टची लाइन ग्राउंडशी मोजली तर चांगल्या बोर्डावरही मोजकेच ओहम दाखवते आणि मल्टिमीटर बीप वाजवतो. नवखा घाबरतो आणि चांगला बोर्ड टाकून देतो. म्हणून कापण्याआधीच १, १.१५, १.८ आणि ३.३ व्होल्ट या चारही लाइनचे ओहम वहीत लिहून ठेवा. कापल्यावर साधारण तोच आकडा आला, तर त्या लाइनवर शॉर्ट नाही.

रेग्युलेटर, म्हणजे बोर्डाच्या लाइनला हवं तेवढं व्होल्टेज देणारा भाग, न मोजता जोडणं. आधी मोकळ्यावर व्होल्टेज मोजा, मगच बोर्डाला लावा. १ व्होल्टच्या लाइनवर ३.३ गेले तर ग्राफिक्स चिप संपलीच.

हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, न लावता सुरू करणं. "दोन सेकंदांसाठीच" असंही नको.

मास्क न लावणं. बोर्डाची धूळ म्हणजे काचेचे तंतू. ओलं घासा, खिडकी उघडी ठेवा, फुंकर मारू नका. घरात लहान मूल असेल तर हे काम गच्चीवर करा.

जाड वायर. चिपच्या पायाला जाड वायर लावली की ती ओढली जाऊन पॅडच (पाय डकवलेली तांब्याची टिकलीच) उखडतं. सिग्नलला बारीक एनॅमल वायर घ्या, जाड वायर वीज आणि ग्राउंडसाठी ठेवा.

कापलेले तुकडे फेकणं. यू-१० नावाची बारीक रिसेट चिप कापल्या जाणाऱ्या भागावर असते. तिच्याशिवाय बोर्ड सुरू होत नाही, म्हणून ती काढून वायरने परत जोडावी लागते. माझ्याकडे प्रत्येक बोर्डाचा वेगळा डबा आहे आणि पोर्टेबल पूर्ण चालेपर्यंत त्यातला एकही तुकडा बाहेर जात नाही.