तुरटीचा एकच मोठा स्फटिक कसा वाढवायचा

तुरटी न्हाव्याकडे असते तशी, काचेसारखी पारदर्शक घ्या. पाणी शुद्धीकरणाची मळकट लादी बहुधा नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते. तिचे असे टपोरे स्फटिक होत नाहीत.

बोअरचं पाणी नको. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होऊन कापसासारखं तरंगतं. उजनीचं गढूळ पाणी तुरटीने निवळतं ते याच कापसात माती अडकते म्हणून, पण इथे तो साका नडतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा.

200 मिली पाणी 60 अंशांपर्यंत तापवून त्यात 50 ग्रॅम पूड विरघळवा, गरम असतानाच गाळा आणि झाकून रात्रभर ठेवा. 100 मिली पाण्यात 60 अंशांना 50 ग्रॅमहून जास्त तुरटी मावते, 30 अंशांना जेमतेम 16-17. न मावणारी तुरटी तळाशी खडे होऊन बसते. पटकन गार केलं तर नुसता चुरा मिळतो.

सकाळी त्यातला 4-5 मिमीचा, स्वच्छ, आठ पृष्ठांचा खडा निवडून तंगूसला बांधा. सोलापुरात सुती धाग्याला तोटा नाही, पण त्याच्या तंतूंवर शेकडो बारीक स्फटिक धरतात. वरचं द्रावण निथळून घ्या, त्यात 4 ग्रॅम पूड गरम करून विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच खडा मधोमध सोडा. द्रावण कोमट असेल तर खडाच विरघळतो आणि गाठ रिकामी राहते. सर्वांत जास्त वेळा फसतं ते इथेच.

आपल्याकडे खरी अडचण हवेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा 40 च्या वर जातो, पहाटे बराच उतरतो. रात्री वाढलेला थर दिवसा विरघळतो, कडा बोथट होतात. म्हणून डिसेंबर-जानेवारी निवडा आणि भांडं खिडकीपासून लांब, पाण्याच्या बादलीत ठेवा; तेवढं पाणी तापमान सहसा हलू देत नाही. कोरड्या हवेत काठावर पापुद्रा धरतो, तो तळाशी पडून नवे खडे सुरू होतात आणि तेच तुरटी खातात. तोंडावर दोन-तीन टाचणीची भोकं पाडलेला कागद बांधा. तळाशी खडे दिसले की मोठा स्फटिक बाहेर काढा, द्रावण गाळून तापवा, गार करा आणि पुन्हा टांगा.

हवा तेवढा वाढला की नळाखाली धरू नका, टिपकागदाने टिपा. पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर पृष्ठभाग पांढुरका पडतो. वाळवायला गॅसजवळ तर मुळीच नको: 92 अंशांच्या आसपास तो स्वतःतल्याच पाण्यात वितळतो आणि आणखी तापला की त्याची लाही होते.